निळ्या झाकणाची डबी

मंगळवारी सकाळी मसुऱ्याला गावच्या घरी ओटीवर चहा घेत बसलो होतो... पलीकडच्या वाडीतल्या सावित्रीकाकी आल्या. पिशवीतून त्यांनी निळ्या झाकणाची डबी काढून पुढे केली. लगेच ओळखली. माझ्या बायकोची, नीलिमाची.

नीलिमाला जाऊन आता वर्ष होईल. ती जीवशास्त्रज्ञ. सगळी नोकरी पुण्यात, पोटातल्या जंतांवर संशोधन. "सून काय करते?" असं कोणी विचारलं की माझी आई "लॅबमध्ये असते" एवढंच सांगून विषय बदलायची.

रिटायर झाल्यावर तिने गावातच काम काढलं. शेतात अनवाणी चालताना पायातून एक जंत शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. ती घरोघरी डब्या वाटून शौचाचे नमुने गोळा करायची. डबीवाली बाई, असं नावच पडलं.

सावित्रीकाकींनी मात्र लाजून नमुना दिला नाही. चेहरा पांढराफटक, चार पावलांत धाप... नीलिमा तीनदा गेली, शेवटी तर स्वतः आजारी असताना. "डबी राहू दे काकी, घाई नाही," म्हणाली. तिच्या वहीत त्या एका नावापुढे जागा कोरीच राहिली.

आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मला वाटलं, आमसुलं असतील. मी झाकणाला हात घातला...

"उघडू नका, भाऊ! ता खावचा न्हय!" काकी ओरडल्याच. मग पदर तोंडाला लावून हसल्या. "बाईंनी मागितलेला, ताच आसा. आज सकाळचा."

कित्येक महिन्यांनी मी मोठ्याने हसलो.

मग काकी हळूच म्हणाल्या, "तेव्हा माका लाज वाटली. आता लावणीक वाकलय की डोळ्यांसमोर काळोख येता."



तासाभरात डबी मालवणला पोचवली. तिथे लॅब चालवणारी रेश्मा नीलिमाची विद्यार्थिनी. संध्याकाळी तिचा फोन आला, "काका, मॅडमना ज्याची शंका होती तेच आहे." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जंताच्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. काकी बऱ्या होतील म्हणाले.

मी वही काढून ती कोरी जागा भरली. माझं अक्षर नीलिमासारखं सुबक नाही...

आज काकी परत आल्या, पायात नव्या चपला. या वेळी हातात स्टीलचा डबा.

"आता उघडा, भाऊ."

आमसुलंच होती. नीलिमाला सांगता आलं असतं तर... म्हणून तेही वहीत लिहून ठेवलंय.