ट्रक माझ्या नावावर होता

लेकाचा ट्रक कर्जाचा, अन् कागदावर मालकीण मी. हातचं कंत्राट सुटलं, हप्ते थकले, तेव्हा ट्रक विकल्याशिवाय इलाजच उरला नाही. अकोल्याचा शोरूमवाला ट्रक घेऊन कर्ज मिटवणार होता अन् बदल्यात छोटा टेम्पो देणार होता, तोही हप्त्यावर. हाती मात्र काहीच येणार नव्हतं. वलगावचा एकजण ट्रक घेऊन वरून रोख द्यायला तयार होता.

"काकू, पुढचे हप्ते मी भरतो. कागदावरचं नाव मंग बदलू," तो म्हणाला. लेक तर माझ्या तोंडाकडेच पाहून राहिला होता.

मी विचारलं, "बाबू, गाडी कोनाच्या अंगावर गेली त पोलीस कोनाच्या दारी येईन?"

तो हसला. "तुमच्याच. पन तुमाले कोन धरते, काकू?"

"अन् तू हप्ता नाई भरला त?"

तो उठून चपला घालायला लागला.

तो गेल्यावर लेक म्हणाला, "माय, त्या पैशात घर चाललं असतं." खरंच चाललं असतं हो. तरी दुसऱ्या दिवशी अकोल्यात मी सही केली. जुळेना म्हणून शोरूमवाल्यानं तीनदा करून घेतली. लेक बाहेर ट्रकमध्येच बसून होता. किल्ली मागायला मलाच जावं लागलं.