देव्हाऱ्यातला पट्टा

ती घटना आठवली की आजही मला आधी पोलीस ठाण्यातल्या बाकावरचं घोरणं ऐकू येतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बेंगळुरूत सब-इन्स्पेक्टर होतो. मारतहळ्ळीकडे तेव्हा शेतांच्या मधोमध लहान कारखाने होते. त्यातल्या एकाचा मालक, पुण्याहून येऊन स्थिरावलेला, तक्रारीचा अर्ज घेऊन आला. पत्र्याचे भाग कापणाऱ्या प्रेसचा पट्टा दसऱ्यानंतर दुसऱ्यांदा चोरीला गेला होता. पट्टा नाही म्हणजे प्रेस बंद.

"माझा ऑपरेटरच आहे, साहेब. डबल ड्यूटी म्हटलं की तोंड वाकडं करतो. आत टाका त्याला!"

ऑपरेटर इथल्याच जुन्या मराठी घरातला, माझ्यासारखाच. चौकशीला बोलावून बाकावर बसवला. अर्ज वाचून मान वर करतो, तो हे महाशय भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेले! हवालदार दंडुका आपटायला निघाला, मीच थांबवलं. ठाण्यात चोराला झोप लागत नाही, हे मी नोकरीत शिकलो होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची मला हौस नव्हती.

जागा झाल्यावर त्याला चहा दिला.

"पाळीवर पाळी चाललीय, अण्णा," तो ओशाळून म्हणाला. "काम झटपट व्हावं म्हणून प्रेसपुढची जाळीपण काढलीय. माझ्या आधीच्याची बोटं तिथंच गेली."

खबर दिली ती कारखान्यासमोरच्या चहावाल्याने. पट्टा जातो तो डबल ड्यूटीच्या दिवशीच. त्या दिवशी ऑपरेटरची बायको डबा घेऊन येते आणि जाताना तिची पिशवी येतानापेक्षा जड असते.

मालकाला घेऊन मी तिच्या घरी गेलो. झडती घ्यावीच लागली नाही. दोन्ही पट्टे देव्हाऱ्यात नीट गुंडाळून ठेवलेले, वर जास्वंद. खंडेनवमीच्या आयुधपूजेला यंत्रावरच्या आणि राखीव, दोन्ही पट्ट्यांना कुंकू लागलं होतं. पूजलेली वस्तू बाई टाकणार कशी आणि भंगारात विकणार तरी कशी? चोरीचा माल देवापुढे ठेवणारा चोर मी पहिल्यांदाच पाहिला. खरं सांगतो, मला ती बाई फार आवडली.

"अक्का, पट्टा काढायला कुठे शिकलात?"

"पूजेआधी यंत्रं पुसायला आम्हीच जातो ना, अण्णा. हे जेवायला बसले, की पट्ट्याच्या सांध्यातली सळी ओढायची. पट्टा हातात येतो." मग तिचा आवाज चढला. "मला पट्टा काय करायचा? हे पेंगत प्रेस चालवतात. स्वल्प झोप मिळावी, एवढंच. घाला मला आत! ह्यांचे हात तरी राहतील."

"आणि माझं नुकसान?" मालक उसळला.

"चला, नुकसानच बघू," म्हणत मी त्याला कारखान्याच्या मागे नेलं. तिथे वाकड्यातिकड्या कापल्या गेलेल्या, गिऱ्हाइकाने परत पाठवलेल्या भागांचा ढीग पडला होता. पेंगत केलेलं काम ते. बोटं गेलेल्याचा दवाखाना, त्याच्यासारखा कारागीर पुन्हा न मिळणं, नवख्याने मोडलेला साचा, हे सगळं मालक नशिबावर ढकलत आला होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! त्याने ढिगातला एक भाग उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि परत टाकला.

आम्ही परत गेलो, तर बाई दारातच उभी. "पट्टे देते. आधी जाळी बसवा. आणि डबल ड्यूटी बंद."

"सरी," मालक म्हणाला, म्हणजे 'बरं'. त्याच्या तोंडून कन्नड शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. त्याच दिवशी त्याने अर्ज मागे घेतला.

अर्जात लिहिलेलं नुकसान बहुधा लहान असतं, मोठं तक्रारदाराच्याच परसात पडलेलं असतं, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं.

पुढच्या आयुधपूजेला मालकाने मला आग्रहाने बोलावलं. त्याने प्रेसला कुंकू लावलं, जाळीला लावलं आणि ऑपरेटरपुढे थांबला. "हात पुढे कर रे." एकेका बोटाला तो कुंकू लावत गेला. बायकोने पदर डोळ्यांना लावला. मी नकळत बोटं मोजली. दहाच्या दहा होती.