फोनवरून दिलेला नकार

गाड्यांच्या व्यवहारावर मी काही लिहावं, हा माझा अधिकार नव्हे. मला वर्क परमिट मिळालं तेच सेहेचाळिसाव्या वर्षी. अमेरिकेत ट्रॉय गावातल्या एका कार डीलरशिपच्या फायनान्स ऑफिसात नोकरी लागली, आणि पाच वर्षांनंतरही मी तिथं शिकाऊच आहे. वकील मंडळी हे अधिक नेमकेपणाने सांगतील. तरी हे धाडस वाचकांनी पोटात घालावं.

"मावशी, याचं लेटर कुठे आहे?" नीलने माझ्यासमोर फाइल ठेवली.

नील आमचा कम्प्लायन्स मॅनेजर, म्हणजे डीलरशिप कायदा पाळते की नाही हे तपासणारा. इथंच जन्मलेला. मराठी अर्धी, घाई पूर्ण.

"कोणतं लेटर?" मी विचारलं. कोणतं, ते मला ठाऊक होतं.

एखाद्याचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास, पाहून आम्ही कर्ज नाकारलं, तर त्याला तीस दिवसांच्या आत लेखी नकारपत्र पाठवावं लागतं. हा संघीय कायदा आहे. रिपोर्ट कोणत्या ब्यूरोकडून, म्हणजे अशा नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून, आला, तो फुकट कसा मागवायचा, त्यातली चूक कशी दुरुस्त करून घ्यायची, हे सगळं त्या पत्रात असतं. नकाराचं कारणही कळवावं लागतं.

फाइल सुशांतची होती. पुण्याचा, सहा वर्षं इथं. घरातली एकमेव गाडी तो कामावर नेत असे. बायकोला, मृणालला, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पहाटेच्या शिफ्टची नोकरी मिळाली होती. दीड महिन्याने रुजू व्हायचं होतं आणि त्या रस्त्याला बस नव्हती. दुसरी गाडी हवीच होती. पण सुशांतच्या रिपोर्टवर एक बुडवलेलं कर्ज दिसलं, म्हणून मी त्याचा अर्ज कोणत्याही बँकेकडे पाठवलाच नाही. अशा वेळी नकार आमचा, आणि पत्रही आम्हीच धाडायचं.

त्याचे वडील तेव्हा भारतातून आलेले होते. त्यांच्यादेखत असं पत्र घरी पोचावं, हे मला प्रशस्त वाटेना. मी फोन केला. "या वेळी जरा जमत नाहीये रे. सहा महिन्यांनी बघू."

"ओके काकू. थँक्यू," तो म्हणाला. त्याने कारण विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

"फोनवर? मराठीत?" नील म्हणाला. "ग्रेट. आज एक्केचाळिसावा दिवस आहे. असे अजून किती?"

"आणखी तीन."

"बाकी सगळ्यांना लेटर्स गेली?"

"हो."

"मग या चौघांनाच का नाही?"

"आपली माणसं आहेत, म्हणून."

नील खाली बसला. "मावशी, दॅट्स वर्स. मूळ देश बघून वेगळी वागणूक! त्याचा कायदा आणखी वेगळा आहे."

यात दंड सरसकट एकदाच होत नाही. न पाठवलेलं प्रत्येक पत्र वेगळा भंग ठरू शकतं. सरकारी कारवाई निराळी, ग्राहकाचा दावा निराळा. पण माझ्या डोक्यात वेगळाच हिशेब चालू होता. मृणालला रुजू व्हायला चार दिवस उरले होते.

जनरल मॅनेजर डगने दारातूनच निकाल दिला. "मागच्या महिन्याची तारीख टाक आणि पोस्ट कर."

मी जागेवर परतले, पत्र उघडलं, बंद केलं. बाहेर गाड्यांच्या लॉटमध्ये दोन फेऱ्या मारल्या. एका ग्राहकाने मला गाडीची किंमत विचारली, तर मी त्याला वॉशरूमची वाट दाखवली. शेवटी चारही पत्रं छापली आणि डगकडे गेले. नील तिथेच होता.

"यांवर आजची तारीख आहे."

"म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध पुरावा देतोय. कळतंय ना?"

"कळतंय. मागची टाकली, तर दोन पुरावे होतील, उशिराचा आणि खोट्या तारखेचा."

त्याने नीलकडे पाहिलं. नील म्हणाला, "शी इज राइट." डगने फोन उचलला, वकिलाला लावला आणि मला हाताने बाहेर जायला सांगितलं.

तीन दिवसांनी, पत्र हाती पडताच, सुशांतचा फोन आला. "काकू, ते कर्ज माझं नाहीच. माझ्याच नावाचा दुसरा कुणीतरी आहे."

"अरे, मग तेव्हाच विचारायचंस ना!"

"तुम्ही इतक्या हळू आवाजात बोललात, मला वाटलं माझंच काहीतरी मोठं चुकलंय."

त्याने त्याच दिवशी ब्यूरोकडे तक्रार केली. अशा तपासाला तीस दिवसांपर्यंत लागू शकतात. मृणाल ठरल्या दिवशी रुजू झाली. शेजाऱ्यांनी आळीपाळीने पोचवलं; पण पहाटे साडेचारला रोज कोण उठणार? तीनदा उशीर झाला. तिसऱ्या आठवड्यात तिने नोकरी सोडली. दुरुस्त रिपोर्ट चौथ्या आठवड्यात आला. मी फोन केला त्याच दिवशी पत्र धाडलं असतं, तर तो तिच्या पहिल्या शिफ्टच्या आधी आला असता.

सुशांतने गाडी घेतली, दुसऱ्या डीलरकडून. आमच्या वकिलाने त्याच्याशी तडजोड केली आणि डीलरशिपने त्याला भरपाई दिली. मला लेखी ताकीद मिळाली. ताकिदीचं कारण त्यात स्पष्ट दिलेलं होतं, त्यामुळे निदान मला कुणाला काही विचारावं लागलं नाही.

कायदा माणसाची भीड ओळखत नाही, एवढं मी शिकले. मृणाल अजून नोकरी शोधते आहे. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटते, तेव्हा ती नेहमीसारखीच बोलते. मीच तिच्या नजरेला नजर देत नाही.

आपल्या माणसाला नकार द्यायची वेळ आली, तर तुम्ही तो कारणासकट लिहून देता का?