मामांच्या जीपची गुलाबी चाकं

आमचे मामा दूध संस्थेची निवडणूक जीपच्या चार चाकांमुळे हरले. विरोधी पॅनलचे नाना अजून सांगत फिरतात की त्यांनी मामांना पाडलं. साफ खोटं! मामांना मी पाडलं.

त्या साली पावसानं आमच्याकडं पाठच फिरवली होती. चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात टँकर यायचा आणि त्याच्या आधीच चौकात घागरींची रांग बसलेली असायची. चारा नव्हता, म्हशी आटल्या होत्या, त्यामुळं दूध संस्थेत दुधाचा थेंब येत नव्हता. पण चेअरमनची खुर्ची होती ना! तिच्यासाठी मामांचं पिवळं पॅनल आणि नानांचं गुलाबी पॅनल एकमेकांच्या उरावर बसलं होतं. मामांची घोषणा होती, ‘थेंब थेंब पाणी राखीन!’ मी बी.कॉम. होऊन मामांची जीप हाकत होतो. मामा चेअरमन झाले की मला संस्थेत क्लार्क म्हणून चिकटवायचं, आणि मी चिकटलो की माझं लग्न जमवायचं, असं घरात ठरलं होतं. म्हणजे माझा सगळा संसार त्या खुर्चीखाली गुंडाळून ठेवलेला.

अशात मामांनी एका लग्नात नानांची जीप पाहिली. चाकं चांदीच्या ताटागत लखलखीत! आमच्या चाकांवर गंज, शेण आणि वाळलेला चिखल. मामांच्या घशाखाली लग्नातला लाडूसुद्धा उतरला नाही.

“सुध्या, बीडला जा. नानाच्या जीपसारखी चाकं करून आण. हुबेहूब! तसूभर फरक पडला तर गावात पाय ठिवू नको.”

“मामा, आधी धुवून तर बघू.”

“पानी काय तुझा बाप देतोय का बे?”

(माझा बाप म्हणजे त्यांचे सख्खे दाजी. पण निवडणुकीत नाती कोण बघतो!)

महिनाभर आज जाऊ, उद्या जाऊ करत शेवटी सभेच्या आदल्या दिवशी मी बीडला पोचलो. नानांचं काम जिथं झालं होतं, तोच कारखाना शोधून काढला. तिथल्या खालेदभाईंनी टायर उतरवले आणि चाकांवर वाळूचा असा मारा केला की गंजाबरोबर लोखंडाचाही जीव घाबरा झाला असेल. पाणी नाही म्हणून वाळूनं आंघोळ, हे मला फारच पटलं. आता चाकांवर बंदुकीनं रंगाची कोरडी भुकटी उडवायची आणि ती भट्टीत भाजून पक्की करायची. याला म्हणे पावडर कोटिंग म्हणतात. (आमच्याकडं पावडर फक्त नवरदेवाला लावतात.)

“कैसा मंगता?” खालेदभाईंनी विचारलं.

“चौसाळ्याकडच्या नानांच्या जीपसारखं. हुबेहूब!”

“वोईच? पक्का?”

“पक्का म्हणजे पक्का!”

एवढं ठणकावून मी चहा-भजी खायला गेलो. आलो तर चारी चाकं आकड्याला लटकलेली आणि गुलाबी! फिकट नव्हे, नवरीच्या शालूसारखी भडक!

“अहो, हे काय केलं?”

“नानासाब का रंग. पैले चांदी था. इलेक्शन के वास्ते कल रात को गुलाबी करके ले गये. तुमीच बोले ना, वोईच!”

“काढा हा! पिवळा मारा!”

“निकालने को फिर रेती मारना पडेगा.” तेवढ्यात लाइट गेली. खालेदभाईंनी बंद पडलेल्या मशीनकडं बोट दाखवलं. “अब कल शाम को आव.”

सभा सकाळी होती. मी तश्शीच चाकं चढवून गावात शिरलो. दारात मामी उभ्या होत्या.

“अगं बया! सुधाकर, चाकाला मेंदी लावून आणलीस का रं?”

मामा बाहेर आले आणि मटकन खाटेवर बसले. जीपशिवाय सभेला जाणं म्हणजे सभेआधीच हरणं. रॉकेलनं घासलं, थिनरनं घासलं, विटेनं घासलं. वीट झिजली, रंग जसाच्या तसा! शेवटी सकाळी, सभेच्या तोंडावर मामांना युक्ती सुचली.

“चिकल थाप.”

“मामा, चिखलाला पाणी लागतं.”

मामांनी घरातल्या रांजणाकडं बघितलं. मग रस्त्याकडं. मग म्हणाले, “दार लाव.”

प्यायच्या पाण्याच्या दोन बादल्या मातीत कालवून आम्ही परसात मामा-भाचे चाकं माखत होतो. लाख रुपयाचं नाही, पण जेवढं काम करून आणलं होतं तेवढं सगळं शेणामातीत घालत होतो. तेवढ्यात भिंतीवरून शेजारच्या सखूकाकूंचं डोकं वर आलं.

“कावून हो मामा, प्यायचं पानी चाकाला?”

“न्हाई ओ काकू, चाकं लई तापलीत. गार करायलोय.”

“माजी म्हस बी तापलीय. तिला घाला की वाईच!”

काकू गेल्या त्या थेट घागरींच्या रांगेत. आम्ही जीप घेऊन चौकात पोचलो, तोवर रांगेतल्या सगळ्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मामांनी जीपच्या टपावर चढून हात जोडले. “भावांनो, बहिणींनो, थेंब थेंब पाणी…”

ऊन मी म्हणत होतं. चिखल वाळला, तडकला आणि ढपल्या ढपल्यांनी खाली पडला. आधी एक चाक गुलाबी, मग दुसरं, मग चारी! नानांच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि सखूकाकू रिकामी घागर उलटी धरून बडवायला लागल्या. मला तर जीपखाली जाऊन झोपावंसं वाटलं.

मतमोजणीत मामा पडले. साधेसुधे नाही, सपाटून. मी घरात तोंड लपवून बसलो होतो, तर संध्याकाळी मामांची हाक आली, “सुध्या, जीप काढ!” ताजा हार घेऊन मामा थेट नानांच्या वाड्यावर गेले आणि गळ्यात गळा घालून म्हणाले, “नाना, आमी आतनं तुमच्याच संगं होतो. इस्वास नसंल तर आमची चाकं बघा!”

नानांनी चाकं बघितली. मामांना स्वीकृत संचालक करून घेतलं. मिरवणुकीत आमचीच जीप पुढं!

क्लार्कच्या जागेवर नानांचा भाचा चिकटला. तोही बी.कॉम., आणि आता त्याचं लग्नही झालंय. मलाही मामांनी काम दिलंय म्हणा. रोज सकाळी ती चाकं पुसायची. कोरड्या फडक्यानं.