दवाखान्यातली पाटी

दोन हजार तेवीस साल होतं आणि मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. माझी शाळा तिसरीपर्यंतच, पण एका गोष्टीचा लय ताठा होता: आमच्या घरातली सून कधी त्या सोनोग्राफीच्या मशीनखाली झोपली नाही. पूर्वी आमची अर्धी गल्ली, पोटात पोरगा आहे का पोरगी ते बघायला गुपचूप जाऊन यायची. माझ्या सुनेला पहिल्या दोन पोरी झाल्या, तर दोन्ही वेळा मी गावात जिलेबी नव्हे, पेढे वाटले. पारावर बसून हे सांगायला मला आवडायचं.

त्या साली नातसुनेला दिवस गेले. नातू फौजेत, लांब. तिसऱ्या महिन्यात सरकारी दवाखान्याची आशाताई चिठ्ठी घेऊन आली. कराडला सोनोग्राफी करून घ्या म्हणाली. मी नाही म्हणालो.

"आवं आज्जा, पोरगा-पोरगी न्हाई बघत. बाळाचं डोकं, पाठ, हातपाय नीट हायत का ते बघत्यात."

"सगळे चोर असंच सांगून जायचे," मी म्हणालो.

नातसून दाराआड उभी होती. तिला जायचं होतं, ते मला कळलं होतं. मी चिठ्ठीची घडी करून चंचीत पानतंबाखूबरोबर ठेवली. पुढं शेजारच्या चुलतभावाच्या सुनेलाही दिवस गेले. आपणही तिला नेणार नाही, असं त्यानं माझ्या शब्दावर पारावर सांगितलं, तेव्हा मला बरं वाटलं.

पाचव्या महिन्यात बाळ हलायला लागलं. भाकरी थापता थापता नातसून थांबायची, एकटीच हसायची. एकदा मला म्हणाली, "आज्जा, तुमच्यासारखंच हट्टी हाय. लय लाथा मारतंय." तो सगळा दिवस माझा हसण्यात गेला.

नातवानं फोनवर हेका धरला, म्हणून अखेर मीच तिला कराडला नेलं. ती आत गेली. बाकड्यावर बसून समोरची पाटी मी अक्षराला अक्षर जोडत वाचली. इथं गर्भाचं लिंग तपासलं जात नाही, तो गुन्हा आहे, असं लिहिलं होतं. दोनदा वाचली. तेवढ्यात डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं.

बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झाली नव्हती. ते जगणार नव्हतं. बाई म्हणाल्या, यात कुणाचा दोष नाही, पण तिसऱ्या महिन्यात हे दिसलं असतं, पोरीला एवढं सोसावं लागलं नसतं.

नातू सुट्टी काढून आला. सांगलीच्या दवाखान्यात औषधं देऊन कळा आणल्या. दिवसभर ती कळा देत होती, रिकाम्या हातानं परत यायला. संध्याकाळी मी खाटेजवळ उभा राहिलो.

"आज्जा," ती म्हणाली, "तवा आलो असतो, तर ते हलायच्या आधीच कळलं असतं न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

बाळाला नातवानं आणि मी मळ्याच्या कडेला पुरलं. खड्डा मीच काढला, त्याला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी चुलतभावाच्या दारात गेलो. त्याच्या सुनेला तिसरा महिना चालू होता. चंचीतली ती चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. म्हणालो, "पारावर बोललो ते चुकलं, गड्या. आजच ने हिला." तो म्हणाला, आज उसाला तोड आहे, उद्या बघू. मी त्याच्या उंबऱ्यावरच बसलो. पोरगी गाडीवर बसेपर्यंत तिथनं उठलो नाही.