साचेवाल्या तात्यांचा हात

साचेवाले तात्या रोज सकाळी घाबरायचे आणि तसं सगळ्यांसमोर सांगायचे. गमबूट चढवताना ते दोनदा तपासून बघत. परळच्या गिरणीत त्यांनी अर्धं आयुष्य साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवले. संपात ती नोकरी गेली, आणि पन्नाशी उलटल्यावर ते आमच्याबरोबर रस्ते धुवायला आले.

रस्ते धुणं म्हणजे झाडूपाणी नव्हे. उन्हात वर आलेलं डांबर चाकांखाली गुळगुळीत होतं आणि स्कूटरी घसरायला लागतात. आमच्या यंत्रातली पाण्याची जोरदार धार ते डांबर खरवडून खालची खडी पुन्हा खरखरीत करायची. तीच धार माणसावर आली तर कातडं फाडून आत घुसते. मी गिरगावातला, ट्रकवरचा पंप सांभाळायचो आणि तात्यांना हसायचो. "हस मेल्या," ते म्हणत, "जो भियता तोच सांजेक घराक जाता."

काम झालं की ते वाकून रस्त्यावर तळवा फिरवत, कापडाचा पोत बघावा तसा. "हां, आता टायर पकडतलो," म्हणत आणि मगच चहाला येत.

यंत्राच्या आवाजात हाक ऐकू येत नसे. आमची ठरलेली खूण अशी, की हात वर केला की पाणी वाढवायचं, खाली केला की बंद. साचेखात्यात नेमकं उलटं होतं. तिथे हात वर म्हणजे साचा थांबव.

लालबागला एका रविवारी तात्या हातातल्या नळीने रस्त्याची कड धूत होते. नळीचा खटका अडकला, धार थांबेना. घाबरून त्यांनी हात वर केला. मी पाणी वाढवलं. नळी उसळली, धार पायावर आली आणि तात्या मटकन खाली बसले.

बुटाला टाचणीएवढं भोक होतं, आत रक्ताचा एक थेंब. मुकादम म्हणाला, "काय नाय झालं, हळद लावा." मलाही ते खरं मानायचं होतं, कारण पाणी मी वाढवलं होतं. तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माका भीती वाटता," ते म्हणाले. "आताच्या आता हास्पिटलात ने."

मी टॅक्सी केली. डॉक्टरांनी पाऊल उघडलं तेव्हा आत घाण पाणी घोट्यापर्यंत पोचलं होतं. पायाची दोन बोटं गेली. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. मी भिंतीला टेकून बसलो.

माफी मागायला गेलो तर तात्या म्हणाले, "हात मीच वर केलंय. गिरणी जावन इतकी वर्सां झाली, पण हाताक कोण सांगतलो?"

ते कामावर परतले नाहीत. कायमचे गावी जायच्या आदल्या दिवशी काठी टेकत आम्हाला भेटायला आले. पाणी जोरात सुरू होतं. रस्त्यापलीकडून त्यांनी मला हात वर केला. पंप बंद करून मी ट्रकवरून उडी टाकली आणि धावत गेलो.

"काय झालं, तात्या?"

"काय नाय रे. येतंय म्हणान निरोपाचो हात केलंय."

मुकादम मागून ओरडत होता. मी तात्यांपाशीच थांबलो. त्या दिवशी पंप पुन्हा दुसऱ्यानेच सुरू केला.