लाल गाडी, हिरवी गाडी आणि चौथा कप्पा

माझ्या दिराच्या साखरपुड्यात दोन रेल्वेगाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. जीवितहानी झाली नाही. चिवड्याची मात्र पुष्कळ झाली.

इंदापूर गावात रेल्वे येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. ती आम्हीच टेम्पोत घालून नेली होती.

त्याचं असं झालं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा धाकटा दीर मिलिंद कंपनीच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीला जाऊन आला. लोक तिकडून सेंट आणतात, चॉकलेटं आणतात. आमच्या मिलिंदनं खेळण्यातली दोन इंजिनं आणली. ("खेळणी नाहीत वहिनी, मॉडेल आहेत!" असं तो अजूनही म्हणतो.) एक लाल, एक हिरवं, वीतभर लांबीचं. शिवाय मागे जोडायला उघडे डबे, गोल मांडायचे रूळ आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारा बटणांचा एक कंट्रोलर.

सासूबाईंनी खोक्यात डोकावून विचारलं, "आन् ह्यात बसायचं कुठं?"

पुढं मिलिंदचं लग्न ठरलं. मुलगी सुजाता, इंदापूरची, शाळेत शिक्षिका. साखरपुडा तिच्या घरी. आणि आमच्या नवरदेवाच्या डोक्यात आलं की अंगठ्या तबकातून न आणता गाडीतून आणायच्या! लाल गाडी सुजाताची अंगठी घेऊन तिच्यासमोर थांबणार. ती अंगठी घातली गेली, की समोरून हिरवी गाडी ह्याची अंगठी घेऊन येणार.

"डिजिटल आहे, वहिनी. तुमचाच विषय!" मिलिंद म्हणाला.

मी तेव्हा बारामतीत तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. सासूबाई ओळख नसलेल्या भाजीवालीलासुद्धा "आमची सून विंजनेर हाय" असं आधी सांगत आणि मग मेथी मागत. अशा घरात "मला हे येत नाही" म्हणायची सोय नसते. मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "त्यात काय एवढं!"

(हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी उच्चारलं, त्या त्या वेळी घरातलं काहीतरी फुटलेलं आहे.)

हॉलमध्ये सतरंजीवर रूळ मांडले, दोन्ही इंजिनं ठेवली आणि बटण दाबलं. लाल इंजिन निघालं. हिरवंही निघालं! लाल थांबवलं, हिरवंही थांबलं.

माहितीपुस्तक जर्मन भाषेत, आणि मिलिंदचं जर्मन पाव मागण्यापुरतं. तरी आकृत्या बघून मी शोध लावला. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाचा नखाएवढा भाग असतो. कंट्रोलरचा हुकूम रुळातून जातो तो त्या डिकोडरला, त्याच्या नंबरावर. कारखान्यातून येताना सगळ्यांचा नंबर तीनच असतो. तो आपण बदलायचा.

सासूबाईंना हे एका वाक्यात कळलं. "म्हंजी आमच्या कळंबला दोन संपत हायत, तसंच. बांधावनं हाक मारली की दोघंबी 'ओ' देत्यात."

"अगदी तसंच, आई."

"मग एकाचं नाव बदल की."

तेच करायला बसले. डिकोडरच्या पोटात नंबर घातलेले कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात इंजिनाचा नंबर. तिसऱ्यात ते किती सावकाश वेग घेईल ते, आणि चौथ्यात ते किती सावकाश थांबेल ते. मी हिरव्याच्या पहिल्या कप्प्यात चार हा आकडा भरला. मोठ्या आत्मविश्वासानं चार नंबर दाबला. दोन्ही इंजिनं निघाली!

"आता दोन्ही संपतांचं नाव बदललंस, आन् पुन्यांदा एकच ठेवलंस," सासूबाई म्हणाल्या.

पुन्हा सगळं केलं. पुन्हा दोघं जोडीनं. माझे यजमान बँकेतून आले, त्यांनी बूट काढता काढता विचारलं, "ते लाल रुळावर कशाला ठेवलंयस?" आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आकडे भरताना रुळावर जे जे इंजिन असेल त्या प्रत्येकाला हुकूम पोचतो! एक उचलून बाजूला ठेवायचं असतं.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "मी तेच तपासत होते."

लालचा नंबर तीन, हिरव्याचा चार. दोघं शहाण्यासारखी वेगवेगळी पळायला लागली. सासूबाईंनी दोन्ही इंजिनांवरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. माझ्यावरूनही टाकल्या.

साखरपुड्याच्या सकाळी शेवटची चाचणी घेतली, ह्या खेपेला खरी अंगठी डब्यात ठेवून. गाडी झटक्यात थांबली आणि अंगठी उडून सतरंजीवर पडली. मी लगेच दोन्ही इंजिनांच्या चौथ्या कप्प्यात भलामोठा आकडा भरला, म्हणजे गाडी हळुवार थांबेल, नव्या नवरीच्या चालीनं. ते करून पुन्हा चाचणी घ्यायला हवी होती. पण सासूबाई केव्हाच टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून हॉर्न वाजवत होत्या.

इंदापूरला सुजाताचं घर पाहुण्यांनी भरलेलं. तिचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणत, दारातच उभे. "या, या! आगगाडी कुठं हाय?" ही बातमी आमच्या आधी पोचली होती. दोन टेबलं जोडून मी रूळ मांडले. मधे जागा मोकळी बघून सुजाताच्या शेवंताआत्यांनी तिथं चिवड्याची परात आणून ठेवली.

"आत्या, इथं नको ना."

"अगं, मधीच तर हाय! तुझ्या गाडीच्या वाटंत येतीय व्हय?"

नाही म्हणायला जागा नव्हती, परात खरंच वाटेत नव्हती. आत्या वाटीनं बशा भरून पाहुण्यांच्या हातात द्यायला लागल्या.

वंदना झाली. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हार घालून झाले. टेपवर सनई लावली. सासूबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही सगळी यंत्रं आमच्या सुनंनंच बांधल्यात."

मी तीन नंबर दाबला. लाल गाडी झेंडूच्या फुलांमधे अंगठी घेऊन निघाली, आणि सगळे "आऽऽहा!" म्हणाले. गाडी सुजाताजवळ आली. मी थांबण्याचं बटण दाबलं. गाडी सुजाताजवळून तशीच पुढं गेली.

"थांबा म्हटलंय का तिला?" तात्यांनी काळजीनं विचारलं.

"म्हटलंय."

"मग?"

"थांबतेय. सावकाश थांबतेय."

ती सुजातापासून पुढं, तिच्या मावशीपासून पुढं, अर्धं टेबल ओलांडून एका ओळखपाळख नसलेल्या गृहस्थापुढं जाऊन थांबली. हात दाखवलेल्या माणसाला सोडून पुढं जाणाऱ्या एसटीसारखी! ते गृहस्थ अंगठीकडं बघून लाजले.

"वहिनी," मिलिंद दातावर दात ठेवून हसत पुटपुटला, "चौथ्या कप्प्यात किती घातलंत?"

"बघते!"

इथंच मी गाडी हातानं उचलून सुजातासमोर ठेवली असती, तर हा लेख झाला नसता. पण सासूबाई माझ्याकडं बघत होत्या, त्यांच्या शेजारच्या बाईला कोपर मारून दाखवत होत्या. मी म्हटलं, जागच्या जागी दुरुस्त करू. चौथ्या कप्प्यात एक भरायचा. मी आकडे दाबले. घामानं बोटं ओली, टेपवर सनई, आणि कानाशी मिलिंदची कुजबुज. चौथ्या कप्प्यात एक भरायच्या ऐवजी मी पहिल्या कप्प्यात चार भरला. आणि दोन्ही इंजिनं रुळावरच होती!

मला तेव्हा ह्यातलं काहीच कळलं नाही. मी निश्चिंतपणे तीन नंबर दाबला. लाल ढिम्म हलेना. पुन्हा दाबला. नाही.

"रुसली का काय?" शेवंताआत्या बशी भरता भरता म्हणाल्या.

"असू दे," मी उसनं हसून जाहीर केलं, "आधी नवरदेवाची अंगठी घेऊ." आणि चार नंबर दाबला.

लाल निघाली. हिरवीही निघाली. एक इकडून, एक तिकडून, एकाच रुळावर, एकमेकींच्या दिशेनं!

मी थांबण्याचं बटण दाबलं. ताबडतोब दाबलं, ही गोष्ट कृपया लक्षात घ्या. पण दोघींना सावकाश थांबायला मीच शिकवलं होतं, आणि दोघी आज्ञाधारक होत्या.

"प्लग काढा! प्लग!" मिलिंद ओरडला.

माझ्या यजमानांनी झेप घेऊन प्लग काढला. टेपरेकॉर्डरचा. सनई थांबली, त्यामुळं टक्कर सर्वांना स्वच्छ ऐकू आली.

दोन्ही गाड्या उभ्या राहून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. झेंडू उडाला, अंगठ्या उडाल्या. एक जण म्हणाला परातीत गेली, एक म्हणाला खिडकीतून गेली. शेवंताआत्यांचा हात मात्र सवयीनं चालूच होता. वाटी परातीत, वाटी बशीत, बशी पाहुण्याच्या हातात.

"शेवंता, थांब!" तात्या बहिणीवर गरजले. "आन् कुनी गिळू नका!"

सगळं घर तोंडातल्या घासासकट थिजलं. म्हातारी माणसं गाल फुगवून बसली. तेवढ्यात कोपऱ्यातून 'कट्ट' असा आवाज आला. सगळ्यांनी वळून बघितलं. तात्यांचे थोरले भाऊ आबा, कवळी सांभाळत, डोळे मिटून जिभेनं चाचपत होते. त्यांनी बोटांत काढून बघितलं.

"शेंगदाना हाय," ते म्हणाले. "करपलाय."

शेवंताआत्यांना ते लागलं. "करपलाय न्हाय, खरपूस हाय!"

मग सुजातानं पदर खोचला आणि सरळ परातीत हात घातला. साखरपुड्याची नवी साडी, कोपरापर्यंत चिवडा, आणि ही मुलगी हसतेय! थोड्या वेळानं तिनं हात वर काढला. बोटांत मिलिंदची अंगठी, तिच्यावर एक कढीपत्त्याचं पान. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरी मात्र सापडेना. परात उपसून झाली. बशा परत मागवून झाल्या. तात्या टेबलाखाली शिरले. मी खाली बसून सतरंजी चाचपत होते, डोळे भरून आले होते. चिवड्याची चेष्टा राहू दे, ती सुजाताची अंगठी होती. आता हिच्या पहिल्या आठवणीत मीच, असं मनात येत होतं.

आणि सासूबाई जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाल्या, "अगं, उभी ऱ्हा आधी. तुज्या निऱ्यांत काय चमकतंय?"

मी उभी राहिले. साडीच्या निऱ्यांत, झेंडूच्या दोन पाकळ्यांसकट, अंगठी!

 मग आबा पहिल्यांदा हसले, कवळी हातात धरून. मग तात्या टेबलाखालूनच. मग सगळं घर. हसता हसता मिलिंदनं ती अंगठी घेतली, सुजाताचा हात धरला आणि घालून टाकली, हातानं, जशी जगात सगळे घालतात. सुजातानं कढीपत्त्याचं पान काढून त्याला त्याची घातली. एवढंच करायचं होतं खरं तर.

जेवणं झाली. टेम्पोत सामान चढलं. सुजातानं मला मिठी मारून कानात सांगितलं, "ताई, असा साखरपुडा कुणाचा झाला नसेल." तिनं ते चांगल्या अर्थानं म्हटलं, असं मी धरून चालले.

निघताना तात्या टेम्पोजवळ आले. हात जोडून, अगदी अदबीनं म्हणाले, "इंजिनेर ताई, लग्नाला काय काय करनार हाय, ते आधी कळवा. म्हंजी आमाला पंगत कुठं मांडायची ते ठरवता यील."

मी मान खाली घालून म्हटलं, "काहीसुद्धा नाही, तात्या. लग्नात मी फक्त फुलं टाकीन."

तात्यांनी थोडा विचार केला.

"टाका की," ते म्हणाले. "पन जरा लांबनंच टाका."